पातळ भिंतीचा आवाज

मंडळी, आधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका, मनात धरून ठेवा. एखादी गोष्ट आपल्याला पक्की कळते, आणि समोरचा माणूस नेमका तिथंच चुकतोय. पण त्या माणसानं कधीतरी आपल्याला ऐकवलेलं आहे, "तुम्हाला यातलं काय कळतंय?" मग सांगा, तेव्हा तोंड उघडावं, की तो विचारायला येईपर्यंत गप्प बसावं?

माना कशा हलल्या बघा! पुढच्या रांगेतल्या काकी म्हणतात, "गप्प बसावं." मागचे दादा म्हणतात, "बोलावं." काकी, तुमच्या घरी सून आलेली आहे, आणि दादांचं अजून जमायचंय. अनुभवाचा फरक आहे हा!

तर ऐका. आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. एका जीपच्या नाकाचं आहे!

घाटमाथ्याला एक गाव. गावाच्या वर चढ, चढाच्या वर पठार, आणि पठारावर धनगरांची पंधरा घरं. त्या पंधरा घरांतून नऊ पोरी खाली हायस्कूलला यायच्या. त्यांना आणायची आणि सोडायची वनिता. नवरा फौजेत, घरी ती आणि तिची सासू हौसाबाई, दोघीच. सासऱ्यांमागं पेट्रोलची एक जुनी जीप राहिली होती, ती वनितानं अशी कामाला लावली. आणि चालवायची कशी? समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर आपणहून बाजू द्यायचा!

पण जीप म्हातारी. उतारावर हरणी, चढावर मात्र दमेकरी. शेवटच्या वळणाला तिला धाप लागायची. मग पोरी न सांगता उतरायच्या, दप्तरं पाठीला लावायच्या आणि जीपच्या मागून चालायच्या. संध्याकाळची वेळ, वळणाला दाट झाडी, आणि झाडीत गवे. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर एक गवा रस्त्यातच उभा राहिला. थोडा वेळ बघत राहिला आणि निघून गेला. पोरींना काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी धुळाप्पा, त्यातल्याच एका पोरीचे वडील, वनिताच्या दारात हजर.

"बाई, तुझ्यावर राग न्हाई," धुळाप्पा म्हणाले. "पर सुट्टी झाल्यावर पोरी एकदा जरी मधी उतरवल्यास, तर परत पाठवायच्या न्हाईत. माझी न्हाई, कुणाचीच न्हाई. शिकून मोठ्या व्हायच्या आदी जित्या तर ऱ्हाऊ द्यात."

संध्याकाळी दोन खेपा कराव्यात, तर दुसऱ्या खेपेला वळणावरच अंधार पडतो. म्हणजे काय झालं? नऊ पोरींच्या नऊ शाळा त्या एका वळणावर अडकून पडल्या!

आता जरा इंजिनात जाऊ. घाबरू नका, परीक्षेला नाही हे. इंजिनालाही श्वास लागतो. हवा जिथून आत जाते त्या भागाला म्हणतात इनटेक मॅनिफोल्ड. नाव भारदस्त, पण काम नाकाचं. बाहेर एक तोंड, आत चार फाटे. चार सिलिंडर, प्रत्येकाला एक वाट. वनिताच्या जीपचं ते नाक ओतीव लोखंडाचं, आतून खडबडीत, जागोजाग गाठी. हवा आपली ठेचकाळत आत जायची. वनिताच्या मनात आलं, हेच घासून रुंद करावं. श्वास मोकळा झाला की चढ निघेल.

कुठं शिकली? मोबाईलवर! बारा मिनिटांच्या व्हिडिओवर आपल्याकडे लोक डॉक्टर होतात, हिनं निदान नाकाचंच काम काढलं होतं.

सुट्टीतली दुपार, सोमवारी शाळा उघडणार. परसात धुण्याचा दगड. वनितानं मॅनिफोल्ड त्या दगडाला सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून बांधला. प्रत्येक तोंडावर जोडाचं कागदी पॅकिंग ठेवून खिळ्यानं कडेकडेनं रेघ ओढली: इथपर्यंत घासायचं, चारी बाजूंनी सारखं. हातात बारीक टोकाचा ग्राइंडर, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला ओढणी. आणि उंबऱ्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या हौसाबाई.

या हौसाबाई कोण? तर सव्वीस वर्षं शहराजवळच्या एका फौंड्रीत कामाला होत्या. काम कोअरचं. कोअर म्हणजे वाळूचा गाभा. लोखंडाची वस्तू आतून पोकळ हवी असेल, तर आधी त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा करतात. तो साच्यात ठेवायचा, भोवती वितळलेलं लोखंड ओतायचं, निवलं की वाळू झाडून काढायची. राहते ती पोकळी. लोखंड सगळ्यांना दिसतं, मंडळी. आतली मोकळी जागा कुणाच्या बोटांनी घडवली, ते कुणी विचारत नाही. ती बोटं हौसाबाईंची!

आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी व्हिडिओत नव्हती. वाळू हलकी, लोखंड जड. रस ओतला की गाभा किंचित वर उचलला जातो, लाकूड पाण्यात तरंगावं तसा. म्हणून अशा ओतकामाची साच्यात वर असलेली भिंत पातळ निघते आणि खालची जाड. बाहेरून कळत नाही. चारी बाजूंनी सारखं घासलं, तर वरची फुटणार!

मग सांगितलं का नाही? सांगायला गेल्या होत्या की. सकाळी वनिता नट सोडवत होती, तेव्हा म्हणाल्या, "वनिता, त्ये ओतीव काम हाय, त्याची वरची बाजू—" आणि वनितानं मान वर न करता म्हटलं, "आत्ती, इंजिनाचं काम हाय हे, भाकरीचं न्हवं. तुम्हास्नी काय कळतंय यातलं? तुम्ही आत जावा."

मनात काही नव्हतं तिच्या. घाईतलं बोलणं. पण घाईतलं बोलणंच खोल जातं, नाही का? सव्वीस वर्षं एका वाक्यात पुसली गेली. हौसाबाई आत गेल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या, आणि गप्प बसल्या.

पहिलं तोंड झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला आवाज बदलला.

जाड भिंतीवर ग्राइंडर घुमतो, भरल्या रांजणासारखा. पातळ भिंतीवर किणकिणतो. हौसाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. कान म्हणाला, थांबव तिला. मन म्हणालं, कशाला? मला काय कळतंय? कान म्हणाला, अगं, आता कागदाएवढी राहिली. मन म्हणालं, विचारू दे तिला. एकदा विचारू दे.

अंतरी कळते, ओठांशी अडते,
ते कळणे होते कोणासाठी?

किती वेळ गेला असेल? चार श्वास. पाच श्वास. आणि टक्!

वनितानं ग्राइंडर बंद केला. मॅनिफोल्डच्या तोंडाशी डोळा नेला. आत अंधार असायला हवा, तिथं उजेड दिसत होता. शेंगदाण्याएवढं भोक. असला दुसरा मॅनिफोल्ड तीन महिने शोधूनही तिला मिळाला नव्हता.

ती ओरडली नाही, रडली नाही. चष्मा काढून दगडाला टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "संपलं, आत्ती. सोमवारी काय सांगू मी पोरींना?"

आता बघा, मंडळी. हौसाबाई इथं काय काय म्हणू शकल्या असत्या! 'मी सकाळीच सांगत होते.' हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या जिभेवर तयार असतं, धुऊन, इस्त्री करून! कुणाची तरी चूक होते कधी, याचीच ते वाट बघत असतं. हौसाबाईंच्याही जिभेवर आलं. पण त्यांनी वनिताच्या तोंडाकडं बघितलं. लोखंडाच्या भुकटीनं काळं झालेलं तोंड, आणि चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं. त्या उठल्या, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"वनिता, मला आवाज आलता," त्या म्हणाल्या.

"कसला?"

"भिंत पातळ झाल्याचा. फुटायच्या आदी कळलं हुतं मला. मी मुद्दाम गप ऱ्हायले."

वनितानं विचारलं, "का, आत्ती?"

"सकाळचं बोलणं लागलं हुतं. तू इचारावंस म्हणून बसले. माझ्या रुसव्यापायी नऊ पोरींचं नुकसान केलं गं मी."

वनितानं ओढणीनं तोंड पुसलं. तोंड आणखीच काळं झालं. मग ती म्हणाली, "तुमचं तोंड मीच बंद केलं हुतं की. आता कुठल्या तोंडानं रागवू?"

आणि दोघी हसल्या. हसता हसता डोळे भरले, ते कुणाचे आधी, ते मला विचारू नका.

"ऊठ," हौसाबाई म्हणाल्या. "फौंड्रीत असली भोकं रोज पडायची. वेल्डिंगवाल्याला बोलाव, पितळ भरूया. पर गार लोखंडावर आग धरू देऊ नगंस त्याला, तडा जाईल. आदी चुलीत तापवायचं. भरून झालं की राखंत पुरायचं, सावकाश निवू द्यायचं."

गावातला वेल्डिंगवाला घरी आला. चुलीत मॅनिफोल्ड निखाऱ्यांवर ठेवलेला बघून म्हणाला, "मावशी, भाजी कसली हाय?"

"गप, आणि नळी लाव," मावशी म्हणाल्या.

रात्रभर ते नाक राखेत झोपलं. दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम दोघींनी मिळून केलं. बाहेरच्या बाजूला साच्याच्या जोडाची बारीक कड असते, हौसाबाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, "भोक पडलं, त्ये कडंच्या ह्या अंगाला. म्हंजे ही वरची बाजू. हिला हात लावू नगंस. खालनं घास. रुंद थोडं कमी झालं तरी चालंल, गाठी तेवढ्या काढ." वनिता घासायची, त्या कान देऊन बसायच्या. "अजून. अजून. बास." त्या बास म्हणायच्या आणि ग्राइंडर थांबायचा. असं थांबलेलं यंत्र मी तर पहिल्यांदाच ऐकलं!

सोमवार. सकाळचा उतार सोपाच होता. संध्याकाळी चढ. मागं नऊ पोरी, पुढं वनिता, आणि तिच्या शेजारी तिनंच हाताला धरून बसवलेल्या हौसाबाई. शेवटचं वळण आलं. पोरींनी सवयीनं दप्तरं पाठीला लावली. एकीनं तर उतरायला पाय खाली सोडला. वनिताचे हात स्टिअरिंगवर घट्ट.

हौसाबाई समोरच्या पत्र्यावर तळवा ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बसा गं पोरींनो. वनिता, सोडू नगंस. अजून दम हाय तिच्यात."

वळणाच्या मध्यावर धुळाप्पा काठी घेऊन उभे होते, पोरी उतरतील तर सोबतीला म्हणून. जीप घुमत घुमत आली, त्यांच्या शेजारून गेली आणि थांबलीच नाही! नऊ पोरी मागं वळून हात हलवताहेत, आणि त्या दिवशी चढ चालत यावं लागलं ते एकट्या धुळाप्पांना.

पठारावर पोचल्यावर वनितानं इंजिन बंद केलं. ती हौसाबाईंकडं वळली. मग म्हणाली, "आत्ती, दुसऱ्या गिअरला घरघर येतीय, ती कशाची?"

हौसाबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "त्ये मला न्हाई ठावं, बाई. त्ये तू बघ."

विचारणंही आलं, मंडळी, आणि 'मला ठाऊक नाही' म्हणणंही आलं. दोन्ही एकाच जीपमध्ये!

आता मी तुमच्याकडं वळते. तुमच्या घरात आत्ता या क्षणी कुणीतरी काहीतरी घासतंय. कुणी संसार, कुणी धंदा, कुणी लेकराचं मन. ज्याच्या हातात यंत्र आहे, त्यानं ते क्षणभर बंद करावं आणि बघावं, आपल्या आवाजात कुणाचा आवाज बुडाला का. आणि ज्याला ऐकू येतंय, त्यानं मान मिळायची वाट बघू नये. मान उशिरा आला तरी चालतो. भिंत चार श्वासांत फुटते.

मृदंगवाले काका, धरा ताल. ज्यानं कान दिला आणि त्याच्या जवळच जीभ दिली, त्याचं नाव घेऊया. मनातल्या मनात नको, मंडळी. शेजारच्याला ऐकू जाईल असं!