दहा बोटं आणि एक हेलिकॉप्टर

खोटं कायले बोलू तुमाले, मी एकदा भलत्याच माणसावर बोटं मोडली अन् वरून अख्ख्या गल्लीत साखर वाटली. माहेर माह्यं घाटंजीकडचं, सासर मारेगावकडचं, दोन्हीकडं कपाशीच. तळतळाट देण्यात मात्र मी माहेरीच तयार झालती, आई म्हणे, हिची बोटं वाजली की शेजारची म्हैस आटते. तेवढ्यावर मी सोताले लय मोठी समजे, चाळिशीची झालती तरी अक्कल नव्हती.

तर ते बोंडअळीचे दिवस. कंपनीचं नवं औषध फवारता फवारता आमच्या ह्यांचे डोळे गेले, दोन्ही गेले, चहाचा कपसुद्धा हातात द्यावा लागे. अन् त्या कंपनीचा साहेब हेलिकॉप्टरनं आला, धरणाजवळच्या मैदानात मांडव, ह्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, अन् माईकवर म्हणते काय, औषधात दोष नाही, तुम्हालाच फवारता येत नाही. ह्यांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले हो. ते मले आजही सहन होत नाही.

हेलिकॉप्टर उठलं तशी मी दोन्ही हात कानशिलावर नेले अन् दहाही बोटं कडाकडा मोडली, म्हटलं, बुडशील. काय सांगू तुमाले, धरणाच्या मधोमध गेलं अन् दगडासारखं पाण्यात पडलं. मी साखरेचा डबा घेऊन दारोदार.

सांजेले कळलं, साहेब मांडवामागून जीपनं कधीचाच निघून गेलता, आत एकटा चालवणारा पोरगा होता. काहून पडलं, कोणालेच सांगता आलं नाही. चौकशीवाले आले, पाण्याकडं पाहून गेले. मले वाटे, मले इचारा ना.

ह्यांना जाऊन आता लय वर्षं झाली, साहेब जिता हाय. माही बोटं संधिवातानं आपोआपच वाजतात, मी एकही वाया जाऊ देत नाही. तशी सवय लावली त्या पोराच्या मायनं.

पोराच्या तेराव्यानंतर ती धरणात फुलं सोडाले नागपूरवरून आलती. मी पाय धरून सगळं सांगून टाकलं, साखरेसकट. ती म्हणे, उडायच्या आधी माझ्या पोराचा फोन आला होता, म्हणाला, साहेबांना मशीनचा आवाज बरोबर वाटत नाही, म्हणून ते गाडीनं चाललेत, मला म्हणाले तू रिकामं घेऊन ये. मग मले उठवलं, माहे दोन्ही हात हातात घेतले अन् म्हणाली, माणूस चुकला तुझा, पोरी. साहेबाचं पूर्ण नाव सांगते, आता माझ्यासमोर मोड.