निरोप दाबणारा गडी

हॅलो? … व्हय, मामाच बोलतोय. बोल स्नेहल… हितं मळवलीतच हाय, शेठच्या बंगल्यावर. पावनी सकाळी गेली, आवरतोय… व्हय, जेवलो.

… न्हाई यायचं मला. ऑपरेशन नको आन तो सहीचा कागूद बी नको… मामीनं सांगितलं? ती काय सांगनार. तीन दिस झालं, माझ्याशी बोलंना झालीय.

… का म्हंजी? डॉक्टरनं तिच्यादेखत सांगितलं ना. तुमच्या लिव्हरमंदी जीन बिघडलीय, लय जोरात चाललीय. गाठ काढली की तिचा तुकडा अभ्यासाला द्या, जीनचं काय ते बघू… आता तूच सांग. वीस वर्सं सात बंगले संभाळतोय. दर सोमवारी पोत्यानं बाटल्या उचलतो. जीन, रम, वासावरनं वळखतो. पर थेंब तोंडात घेतला न्हाई कदी. आन ह्या वयात बायकोफुडं दारुडा ठरलो. लय लागलं बघ मनाला.

… हसतीस काय?

… हां… हां… न्हाई कळलं, परत सांग… आईबापाकडनं आलेली. अंगाच्या कनाकनात. समद्यांच्यात… म्हंजी बाटलीतली न्हवं.

… मंग डॉक्टरनं आदी सांगायचं ना… व्हय, मी मधीच उठून आलतो. ते खरं हाय.

… मंग झालं कशानं? … ती कावीळ? विशीतली? अगं, ती टाकवे गावातल्या वैदूचं औशिद घेऊन उतरलीवती की… आतमंदी ऱ्हायली. बरं.

… आन तू तुझ्या लॅबमंदी त्या तुकड्यात काय बघनार? … मायक्रो काय? … आरएनए. बरं, बारीक कायतरी… हं… जीनकडनं निरोप निघतो, ह्ये कर, ते वाढव. आन ह्ये बारकं मधल्या मधी तो निरोप दाबतं… थांब थांब. ह्ये तर माझंच काम. शेठ मुंबईवरनं फोन करतो, महिपती, मोटर लाव. टाकी तर भरलेली. मी व्हय म्हनतो आन गप बसतो… तसंच ना?

… आन गाठीत ह्यो गडीच कमी पडतो. मंग मोटर चालूच. टाकी भरली, अंगन भरलं, पानी शेजारच्या भातात… समदे तसे नसतात? … काई गडी वाढू नको म्हननारा निरोपच दाबतात? आसले वॉचमन बी हायेत आमच्यात. नावं नको घ्यायला.

… म्हंजी माझा गडी कमी आसंल तर गाठ झपाट्यानं पसरंल… तुकडा बघितल्याबिगर सांगता येत न्हाई. आन बघून मला औशिद? … अजून न्हाई. फुडच्यांना कवातरी, जमलं तर… खरं बोललीस. बरं केलंस.

… न्हाई, घाबरलो न्हाई.

… व्हय. घाबरलोय.

… गुरवारी. येतो. मोटर चालू ऱ्हायलीया म्हनल्यावर बसून ऱ्हायचं न्हाई, येवढं कळतं मला. तुकडा बी घे. सही करतो. पर त्या कागदावर लिवायला लाव, मानूस पिनारा न्हवं… तशी जागा न्हाई? मंग कडंला बारीक अक्षरात लिव.

… अगं ऐक ना, येक काम कर. मामी हितंच हाय, पावन्यांची भांडी घासतीय. माझं ऐकायची न्हाई ती. फोन मोठ्यानं लावतो, ते जीनचं परत सांग. गाठीचं न्हाई, जीनचंच… हां, बोल.

…

… ऐकलंस का गं?

… स्नेहल, हायेस ना? … मामीनं भांडं खाली ठिवलं. हात पुसले. 'च्या टाकू का,' म्हनाली.

… ठेवतो, पोरी. व्हय म्हनायचंय तिला.