बारा घरांत फिरलेली बॅटरी

नाव व पत्ता वरच्या रकान्यात दिल्याप्रमाणे. वय २३ वर्षे, धंदा नोकरी.

मी आज सकाळी सव्वाअकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर लहानपणापासून काका-काकूंकडे राहते. घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवून देण्याचा काकांचा व्यवसाय आहे. तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही, काकांनीच घरी शिकवले. लिहिलेला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहायची सवय त्यांनीच लावली. गेले दीड वर्ष ग्राहकांचे सरकारी अनुदानाचे अर्ज मी भरते.

बॅटरीचे अनुदान वेगळे असते. त्यासाठी भिंतीवर बसवलेली बॅटरी व शेजारी घरमालक असा फोटो, तसेच बॅटरीचा क्रमांक द्यावा लागतो. योजनेची मुदत ३१ मार्चला संपत होती. मागवलेल्या बारांपैकी एकच बॅटरी आली होती. काका म्हणाले, "माल आठवड्यात येईल, पण मुदत काही आपल्यासाठी थांबायची नाही. लोकांचंच अनुदान बुडेल." त्यामुळे २९ व ३० मार्चला ती एकच बॅटरी टेम्पोतून बारा घरी नेली. प्रत्येक घरी ती भिंतीवर टांगली, मी फोटो काढला आणि ती उतरवून पुढे नेली.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे आम्ही ३० तारखेला दुपारी चारच्या सुमारास गेलो. त्यांचे पती श्वासाच्या यंत्रावर असतात. वीज गेली तरी यंत्र चालू राहावे म्हणून त्यांना बॅटरी हवी होती. फोटोत क्रमांक वाचता येऊ नये म्हणून बाईंना क्रमांकाच्या पट्टीवर हात ठेवून उभे राहायला मी सांगितले. ही कल्पना माझी होती. बाई हसून म्हणाल्या, "हा पाहुणा राहायला आलाय ना गं? का चहा पिऊन लगेच निघाला?" मी "राहायला आलाय" असे म्हणाले. वीस मिनिटांनी बॅटरी उतरवली तेव्हा "जोडणीला उद्या येतो" असेही मीच सांगितले.

माल आलाच नाही. बाईंचे फोन मी घेत होते. प्रत्येक वेळी पुढचा आठवडा सांगितला. जूनमध्ये वीज गेली त्या दिवशी त्यांनी पतींना रुग्णालयात नेले, त्यानंतर त्यांनी फोन केला नाही.

ऑगस्टमध्ये तपासणी अधिकाऱ्यांना भिंतीवर फक्त चार भोके दिसली. बॅटरी बसवल्याचे धरून अनुदान मंजूर झालेले होते, म्हणून बाईंनी ती विकली, अशी तक्रार झाली. काकांनी "बॅटरी पोहोच केली" असे लिहून दिले व सोबत मी काढलेला फोटो जोडला. ते खरे नाही. बाईंकडे विकायला बॅटरी नव्हती.

अर्जातील क्रमांक कोठून आले असे विचारल्यावरून सांगते की, ते कंपनीने आधी पाठवलेल्या बारा बॅटऱ्यांच्या यादीतले आहेत, ज्यांतल्या अकरा आल्याच नाहीत. मी ते दोनदा ताडून पाहिले होते. एकही चुकलेला नाही.

विचारल्यावरून सांगते की, माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मला येथे काकांनीच स्कूटरवरून आणून सोडले. मी काय सांगणार हे त्यांनी विचारले नाही. ते बाहेर बाकावर बसले आहेत.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "काकांनी माझ्याकडून क्रमांक लिहून घेतले" असे आले होते. ते खोडून "क्रमांक मी लिहिले" असे करण्यास मी सांगितले. तशी दुरुस्ती केली असून शेजारी माझी सही आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.