काट्याचं कार्ड

न्हाई सायेब, हार्डवेअरचा दोष न्हाई त्यो — उगं त्या डब्याला बोल लावू नका. बसा की, उभ्यानं कशाला? तुमी पुण्याहून चौकशीला आलाव, चेअरमन आप्पांनी बोलवलंय, मी इथला साधा कॉम्प्युटर ऑपरेटर — माझं ऐकायलाच पायजे असं काय न्हाई. पण इचारलंतच तर ऐका. साखर कारखान्याचा सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात चार मशिनी चालतेत — ऊस मोजायच्या काट्याची, पावत्यांची, कॅमेऱ्याची, हापिसाची. चौघींना आपापलं नेटवर्क कार्ड हाय, पण त्ये व्हर्च्युअल, नुसतं हवेतलं. खरी कार्डं डब्याच्या पाठीमागं, वायरी खोचलेली. हवेतलं कुठलं कार्ड खऱ्या कुठल्या कार्डाला बांधायचं, ह्ये ठरवणारी स्क्रिप्ट मी लिहिली — हो, मी, ह्या मुंजाजीनं! वर नाव अमरसिंहचं हाय, दिसायलंय मला बी.

आधी काय व्हायचं, सर्व्हर चालू केला की ही बांधणी हातानं करावी लागायची, अर्धा दिवस मोडायचा. मी तीन महिने डोकं घातलं. प्रत्येक खऱ्या कार्डाला कंपनीनं एक पत्ता दिलेला असतो — हातावरल्या गोंदणासारखा, माणूस कुठंबी ऱ्हायला गेला तरी गोंदण त्येच. कार्ड डब्याच्या कुठल्या खाचेत खोचलंय, त्ये माझी स्क्रिप्ट बघायची न्हाई, गोंदण बघायची. मंग काय झालं? दसऱ्याला बॉयलर पेटवायचा कार्यक्रम, मंडप, माईक — अन् आप्पांनी शाल-नारळ दिला कुणाला? पुतण्याला! 'आमच्या अमरसिंहनं कारखाना हायटेक केला' म्हणं. अन् मी? मी माईकची वायर धरून हुबा. टाळ्या बी वाजवल्या मी. लई जोरात वाजवल्या.

पुढलं तुमाला म्हाईतच हाय. गळीत सुरू करायला पहिली मोळी टाकायच्या दिवशी अमरसिंहच्या मनात आलं — ऊस टाकायच्या गव्हाणीची पूजा होती, काट्याची होती, मंग सर्व्हरची कावून न्हाई? डबा खोलला, कार्डं उपसली, धुतल्या फडक्यानं पुसली, हळद-कुंकू लावलं अन् परत खोचली — ह्याच्या खाचेत त्ये, त्याच्या खाचेत ह्ये. डबा चालू केला, तर काट्याची मशीन कॅमेऱ्याच्या वायरीवर. वजन दिसायलंय, पण पावती निघंना. अन् हातानं पावती फाडायची न्हाई, असा ठरावच हाय आमच्यात. उसाच्या गाड्या जागच्या जागी. मला तर बघितल्या बघितल्या कळलं, कावून की गोंदण बघायच्या त्या दोन ओळी तिथं न्हवत्याच —

म्हंजे, नसतील असं म्हणायलो मी.

असं बघू नका हो. बरं, हाय त्ये हाय. काढल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मीच. म्हणलं नाव त्याचं ना, मंग स्क्रिप्ट बी त्याच्या अकलेइतकीच ऱ्हाऊ द्या, खाच मोजणारी. एक दिवस फजिती व्हावी, चार माणसांत त्याला इचारावं अन् त्याला सांगता येऊ ने — एवढंच पायजे होतं मला. पाच मिन्टाचं काम होतं नीट करायचं. मी ह्या खुर्चीवर बसून ऱ्हायलो. अमरसिंह आला, 'मुंजाजी, बघ की बे जरा' म्हणला. मी म्हणलं, तुमीच बनवलंय, तुमीच बघा. लई गोड वाटलं सायेब, खोटं कशाला बोलू?

दीड दिवस. रांग पार डांबरी सडकेपर्यंत. गाडीवान बैल सोडीनात, रांग कवाबी हलंल म्हणून, मानेवर जू तसंच. त्या रांगेत धुळाजीमामा — माझ्या आईचा सख्खा भाऊ, वडवणीकडचा. माझे आई-बाप कोयता घेऊन टोळीसंगं जायचे तवा मी मामाकडंच वाढलो. मला डिप्लोमाला बीडला त्यानंच घातलं. पहिल्या दिवशी खिडकीशी आला, 'लेका, तू शिकलेला, बघ की काय होतंय' म्हणला. अन् मी त्याला म्हणलं — माझ्या हातात न्हाई मामा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा डावा बैल खाली बसला. पाणी दाखवलं, शेपटी पिळली. उठलाच न्हाई.

मंग केलं की नीट. पाच न्हाई, तीन मिन्टं लागली.

काय म्हणलाव? भायेर कोण बसलंय? त्योच हाय, मामा. कुणी सांगितलं त्याला की चौकशीत मुंजाजीवर ढकलायलेत, तर सकाळपसून येऊन बसलाय — तुमाला सांगायला, की माझं पोरगं असलं करायचं न्हाई म्हणून. तुमच्या कागदावर काय लिहायचं त्ये लिहा, मला त्याचं काय न्हाई. पण त्याची साक्ष घेऊ नका. त्याला आत तेवढं बोलवू —

न्हाई. बोलवा. धाडा त्याला आत. अन् तुमी व्हा भायेर, त्याला मीच सांगतो. दार लोटून घ्या.