पाण्यावर चालणारी जीप

बसा पावणं, तितं उन्हात नको, हिकडं सावलीला या. माझं काय सांगू तुम्हाला, मी मूळचा मुरगूडच्या अंगाला एक वाडी हाय तितला. बा माझा पाटकरी, म्हंजे पाटाचं पाणी कुणाच्या रानात कवा सोडायचं ते बघायचं त्याचं काम, आणि मला ल्हानपणापास्नं पाण्याचा कंटाळा, खोटं कशाला बोलू, चिखलात पाय घालायला नको वाटायचं, डोळं सगळं रस्त्यावरनं जाणाऱ्या गाड्यांकडं. बा म्हणायचा, ह्याच्या अंगात चाक शिरलंय. शिरलंच हुतं की. मिसरूड फुटायच्या आधी क्लिनर झालो, मग ड्रायव्हर, मग स्वतःची जीप घेतली आणि मुरगूड ते कोल्हापूर वडाप केली, सगळी हयात.

वडाप कळतं न्हवं? जीप भरल्याबिगार हालायची न्हाय, आणि भरली असं कवा हुतच न्हाय, आणि एक मावतोयच. बाजाराच्या बाया, शाळंची पोरं, कोंबड्या, एकदा तर नवरदेवच पुढं बसवून नेलता, वऱ्हाड मागं राहिलं. त्या रस्त्यावर मला नावानं कोण ओळखतच न्हवतं, जीपवालं मामा म्हणायचे. पुढं कोल्हापुरात घर बांधलं, दारात जीप उभी, भारी वाटायचं बघा. आणि मग जीपचं वय झालं. पासिंग मिळंना. दारात उभी राहिली ती राहिलीच, कोंबड्या तिच्यात अंडी घालाय लागल्या.

माझा पोरगा सुशांत, कारखान्यात नोकरीला हाय, शाणा हाय, वाईट न्हाय. त्यो म्हणला आबा, भंगारात घालूया, दाराला जागा हुईल. मी म्हणलं तू तुझ्या बापालाच घाल की भंगारात. जेवलो न्हाय त्या दिवशी. राग न्हवता ओ, भ्या वाटलं हुतं. जीप गेली तर मी कोण, सांगा बघू? बाकावर बसून उन्हं मोजणारा म्हातारा, दुसरं काय.

तर त्याच टायमाला आपटे सरांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. सर म्हंजे आमच्या गल्लीतलं, शाळंत विज्ञान शिकवून रिटायर झालेलं. परदेशात कुणा एकानं म्हणं पाण्यावर मोटार चालवलती, पुढं त्याचं काय झालं कुणालाच धड ठाऊक न्हाय, आणि आता जगभर खुळी माणसं तसलंच इंजन करायच्या मागं लागल्यात. पाण्यात वीज सोडायची, त्याचा गॅस हुतोय, त्यो गॅस इंजनात जाळायचा, धूर न्हाय, मागनं नुसतं पाणी गळतंय. मी म्हणलं सर, हे खरं हाय? सर म्हणाले, खरं नाही, जेवढी शक्ती घालू त्याहून जास्त मिळत नाही, मी तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. आणि वर म्हणाले, म्हणूनच एकदा करून बघावंसं वाटतंय, आयुष्यात एकदा तरी मी चुकावं. काय माणूस बघा.

तिसरा आमचा मुनीरभाई, रेडिएटर मिस्त्री, त्याला म्हणलं तर म्हणला, मी जलमभर गाडीला पाणीच पाजत आलोय, आता खायाला बी पाणीच घालू की. हितंच दारात कारखाना सुरू झाला. डिझेलच्या इंजनात ठिणगी नसती आणि ह्या गॅसला ठिणगी पाहिजे, म्हणून माझं चांगलं इंजन काढून विकलं आणि एक जुनं पेट्रोलचं बसवलं. ते काढताना मी घरात जाऊन बसलतो, मला बघवंना. गॅससाठी लोणच्याची मोठी काचेची बरणी घेतली, आत स्टीलच्या पट्ट्या पाहिजेत तर मुनीरभाईनं मालनच्या, म्हंजे आमच्या मंडळींच्या, माहेरच्या ताटांस्नीच कातरी लावली. ती कशी बोलली असंल ते विचारू नका. आणि एक दिवस बरणी फाट्‌दिशी फुटली, मुनीरभाईच्या भुवया गेल्या, मालन म्हणाली तिघांची अक्कल तर आधीच गेलती, आता केसं बी चालली.

पर काय सांगू, दुपारच्या पारी गल्ली झोपलेली असायची, आणि आमी तिघं नव्या बरणीपुढं बसायचो. पाण्यात बारीक बारीक बुडबुडं सुटायचं, पट्टीला चिकटायचं, मग हळूच वर यायचं. मला बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि त्यात जीप दिसायची, धूर न्हाय, आवाज कमी, राधानगरीच्या अंगाला झाडीतनं चाललीया, मागनं पाणी ठिबकतंय आणि जितं ठिबकतंय तितं गवत उगवतंय. आत सगळी माझी जुनी माणसं, बाजाराच्या बाया, माझा बा सुदीक, धोतर वर धरून बसलेला. म्हणायचा, बघ, शेवटी पाण्यावरच आलास न्हवं? जाग आली की वाटायचं, ही जीप चालणारच.

सुशांतला म्हणलं, मला शब्द दे. माझ्या डोळ्यांदेखत न्हाय, तुझ्या डोळ्यांदेखत चालवून दाखवतो. चालली तर मी मरंस्तवर ती दारात राहील, न्हाय चालली तर मी स्वतः भंगारवाल्याला फोन करतो. त्यो म्हणला, व्हय आबा, शब्द.

रविवार ठरला, सकाळी, रंकाळ्याच्या मागच्या बाजूला, तितला रस्ता सपाट आणि रिकामा. आता चूक कुठं झाली ऐका. मुनीरभाईनं हौसेनं गावभर मेसेज धाडला, पाण्यावर चालणारी जीप, रंकाळा, सगळ्यांनी या. झालं! आमी ट्रॅक्टरला बांधून जीप वढत नेली, बघतोय तर जत्रा. कठड्यावर माणसं, पोरं खांद्यावर, भेळवालं सुदीक आलेलं. आणि सगळी तोंडं तळ्याकडं. लोकांस्नी वाटलेलं जीप पाण्याच्या वरनं चालणार! मी वरडतोय, अवो हिकडं, रस्त्यावर, तर एक जण म्हणतोय, मामा आधी पाण्यात घाला, मग बोला.

सुशांत बी कठड्यावर चढलेला, मोबाईल धरून, तळ्याकडं तोंड करून. गर्दीत त्याला हाक पोचंना. सर म्हणाले, गॅस तयार झालाय, आता थांबता येणार नाही. पहिल्यांदा थोड्या पेट्रोलवर चालू केली, मग सरांनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि मला मान हालवली. मी क्लच सोडला. आणि पावणं, चालली! खोकली, धडधडली, आणि चालली, एका खांबापास्नं दुसऱ्या खांबाच्या बी पुढं, माझ्या हातात स्टेरिंग थरथरतंय, मला हसू बी येतंय आणि रडू बी. मग मागं फट्‌ करून बरणी गेली, आणि सगळं थांबलं. आवाजानं लोकांनी वळून बघितलं. जीप उभी. एक जण म्हणला, आली वाटतं, आता घाला की पाण्यात!

तिघांशिवाय कुणीच बघितलं न्हाय. मी सरांस्नी विचारलं, पाण्यावर चालली न्हवं? सरांनी वाकून इंजनात बघितलं. मग म्हणाले, आतल्या नळीत उरलेलं पेट्रोल असू शकतं, मला सांगता येत नाही. डोळं पुसत हुते पर त्यांनी खोटं सांगितलं न्हाय. सुशांत पळत आला, आबा, झालं? चालली? त्याच्या तोंडाकडं बघितलं, व्हय म्हणलो असतो तर त्यानं मानलं असतं, मला ठाऊक हाय. पर शब्द त्याच्या डोळ्यांदेखतचा हुता. मी म्हणलं, तू बघितलंस काय? त्यानं मान खाली घातली. घरी आल्यावर मीच भंगारवाल्याला फोन लावला. सुशांत म्हणत हुता राहू द्या आबा, राहू द्या. न्हाय म्हणलं. जीप नेताना मालननं तिला कुंकू लावलं, आणि म्या बापई माणसानं गल्लीत उभं राहून रडून घेतलं, लाज कसली त्यात.

आता दार मोकळं हाय, बघताय न्हवं. सर आणि मुनीरभाई येत्यात, चा पितो, नवी बरणी आणूया म्हणतो, अजून आणली न्हाय. तिकडं जी कोण खुळी माणसं बसली असतील बुडबुडं बघत, त्यांचं तरी चालू दे, माझा आशीर्वाद हाय त्यांस्नी.

आणि एक हाय. सुशांतनं त्या दिवशी शूटिंग केलतं न्हवं, ते त्यानं मला परवा दाखवलं. त्यात जीप न्हाय, मी न्हाय, नुसतं रंकाळ्याचं पाणी, सकाळचं, चकाकणारं. आणि आवाज माझ्या जीपचा. ह्या टोकापास्नं त्या टोकाकडं जातोय बघा, पाण्यावरनं. रोज दुपारी मी लाव म्हणतो, सुट्टी असली की पोरगं शेजारी येऊन बसतंय, आणि आवाज मोठा करून देतंय.