टबातला व्होत्रुबा

नाताळ दोन दिवसांवर आला होता आणि चौकात सणाच्या जेवणासाठी लागणाऱ्या जिवंत कार्प माशांच्या पिंपांपुढे रांग लागली होती. एके काळचा फुटबॉलपटू व्होत्रुबा टोपी कानांवर ओढून उभा होता. त्याच्या पुढे एकमेकींच्या शेजारणी असलेल्या दोन बायका बोलत होत्या.

“लिबुशे, अगं तू परवाच मासा नेलास ना?”

“नेला, सणापर्यंत ताजा राहावा म्हणून आंघोळीच्या टबात सोडला. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं व्होत्रुबा.”

“तो गोल मारणारा?”

“न मारणारा! हाही तसाच, कोपऱ्यात तोंड उघडून नुसता उभा. आता म्हणतात, व्होत्रुबाला मी सुरी लावणार नाही.”

“का गं बाई?”

“प्रागच्या संघावरचा त्याचा तो एकुलता गोल! त्याच संध्याकाळी ह्यांनी मला मागणी घातली. सकाळपासून टबाच्या काठावर बसून माशाचे आभार मानतायत.”

“आणि आंघोळ?”

“कुठली आंघोळ! म्हणून दुसरा न्यायला आले, बिननावाचा.”

“पण तो चेंडू म्हणे त्याच्या पाठीला लागून आत गेला होता.”

“पाठीला नाही हो, कानाला,” व्होत्रुबाच्या तोंडून निसटलं.

दोघी वळल्या.

“तुम्ही होतात तिथे, काका?”

“होतो. अगदी जवळ.”

“मग आमच्या ह्यांना नका सांगू. मागणी परत घेतील!”

दोघी आपापला मासा घेऊन बाजूला झाल्या.

“काका, तुम्हाला नेहमीसारखा मारूनच ना?” मासेवाल्याने विचारलं.

व्होत्रुबाने टोपीवरूनच कान चोळला.

“नको, जिवंत दे. अहो बाई, तुमच्या यजमानांचं नाव काय?”

“ओल्डरिख. का हो?”

“माझ्याही टबातल्याला नाव हवं.”