कच्ची राहिलेली उसळ

नाही हो ऋचाताई, त्या मटारच्या शेंगांना हात लावू नका, माझ्या मी सोलतो. तुम्ही सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या भाषणाचं बोला — युद्धात जवान काय खायचे, एवढंच ना? घ्या लिहून. शक्करपारे. डब्यातलं अननस. वाळवलेले बटाटे, भिजवले तरी चामडं ते चामडंच. आणि पुऱ्या — वर पोचेपर्यंत दगड! कारगिलला मी लंगरचा, म्हणजे फौजेच्या भटारखान्याचा आचारी, माझ्या हातात बंदूक नाही, झारा. हसता काय? भाजीचं विचारलंत — महिनाभर हिरवं पान दिसलं नव्हतं. आपल्याकडे मटार थंडीतला, तिकडे ऐन जुलैतला. खालच्या गावातल्या म्हाताऱ्यानं पोतंभर शेंगा दिल्या आणि मी वेडाच झालो बघा. शंभू म्हणून पोरगा होता, आपल्या भोरकडचा, वरच्या चौकीवर पाणी पोचवायचा. सकाळी धुकं असतानाच चढायचं, हा नियम — धुकं विरलं की समोरच्या डोंगरावरून शत्रूला माणूस न् माणूस दिसतो. निघालाच होता तो. मीच म्हटलं, अरे थांब की, आलं-मिरची लावून उसळ करतो, गरम खाऊन जा. थांबला बिचारा. आता मला सांगा, पंधरा वर्षं झारा धरलेला माणूस मी — त्या उंचीवर पाणी उकळतं पण दाणा शिजत नाही, हे मला माहीत नव्हतं? होतं! अर्ध्या तासाचा तास झाला. शेवटी कच्चीच वाढली. दोन घास खाल्ले, "फर्मास, दत्तोबा" म्हणाला, आणि लख्ख उन्हात चढायला लागला. अर्ध्या वाटेवर — असो.

हे नका लिहू. कोणालाच सांगितलेलं नाही. त्याच्या आईनं, यमुनाबाईंनी, विचारलं होतं — पोर उपाशी नव्हतं ना गेलं? मी म्हटलं, पोटभर जेवला, माझ्या हातची उसळ. तेव्हापासून ती माउली दर पौषात शेतातल्या शेंगा पाठवते, लेकराला शेवटचा गरम घास दिला म्हणून! सव्वीस वर्षं झाली, त्यातला एक दाणा माझ्या घशाखाली उतरलेला नाही, गपचूप वाटून टाकतो. यंदा ती स्वतः येतेय. म्हणते, डोळे मिटायच्या आत तुमच्या हातची तीच उसळ खायचीय. सांगितलं तर तिचं एवढं एकच समाधान, तेही गेलं. नाही सांगितलं तर — अहो, ती मला देवमाणूस म्हणते! कसं वाढू मी तिला?

नको, तुम्ही काही बोलू नका. रिक्षा थांबली वाटतं खाली. बाराला येते म्हणाली होती, अकरालाच आली. उठा, निघा तुम्ही, भाषणाचं मागाहून बघू. दार राहू द्या उघडं.

या, यमुनाबाई — अहो, पाया नका पडू. नका हो. आधी बसा. जेवायच्या आधी मला तुम्हाला काही सांगायचंय.